वनमालेच्या नावाची पत्रं

नरहरी डबीर यांनी उभ्या आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही टपाल खात्याच्या भरवशावर. तशी लबाडी करणारा हा माणूस नव्हे. सरकारी कचेरीत जावक शाखेत तीस वर्षं काढलेली. पाकिटावर क्रमांक टाकल्याशिवाय ज्याचा हात पुढे सरकत नाही, तो काय कुणाला फसवणार!

पत्रांचा नाद त्यांचा नव्हताच, बायकोचा होता. वनमालाबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. कुठून तरी त्यांना देशोदेशीच्या अशा लोकांचा पत्ता लागला, जे एकमेकांना टपालानं चित्रं पाठवतात. विकायचं नाही, नावं ठेवायची नाहीत, आणि आलेल्या प्रत्येक पाकिटाला उत्तर द्यायचं, एवढाच त्यांचा धर्म. नाव मात्र वाटेल ते घ्यावं. वनमालाबाई कधी रायपूरच्या बूढातलावातली मासोळी होऊन लिहायच्या, कधी उरल्याच्या लोखंडाच्या भट्टीवरची धूळ होऊन. रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा मध्यप्रदेशाचे जुने रबरी शिक्के रद्दीत निघाले. नरहरींनी त्यातले पाचसात घरी आणले, तर बाईंना आभाळ ठेंगणं झालं. जांभळ्या शाईत ‘तत्काल’चे ठसे उमटवून त्यांनी पोलंडच्या इरेनाबाईंना तलावावरून उडणारे बगळे पाठवले.

पुढच्याच चैत्रात वनमालाबाई गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस्स.

तेराव्यानंतर इरेनाचं पाकीट आलं. नरहरींनी ते हातात घेतलं आणि त्यांना वाटलं, इथे बूढापारा मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक झालं, पण पोलंडात ती अजून जिवंत आहे. तिथे तिला मारायचं ते आपणच, आपल्या हातानं. ते काही त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी वनमालेचं अक्षर गिरवलं, वेडेवाकडे बगळे काढले, खाली तिचं नाव घातलं आणि पाकीट टाकून आले. त्या दिवशी तलावाच्या काठानं परतताना त्यांना ती शेजारून चालतेय असं वाटलं. साडीची सळसळसुद्धा ऐकू आली म्हणे.

अशी तीन वर्षं गेली. चौबे कॉलनीतली लेक अनुश्री एकदा अचानक आली, तर बाबा शाईनं माखलेले.

“बाबा, ये आप आई के नाम से लिख रहे हो?”

“मी कुठं लिहून राहिलो? तिचं हाय ते. मी नुसता टाकून येतो.”

“बाबा, आई नहीं है।”

“हव, मालूम हाय मले,” ते म्हणाले. पण ‘ती गेली’ हे दोन शब्द तेव्हाही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. तीन वर्षांत कधीच निघाले नव्हते.

मग इरेनाचं ते पत्र आलं. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. ‘नरहरी, बगळे आता छान जमतात तुम्हाला. पण तुमच्या पहिल्या पाकिटापासून कोपऱ्यात जावक क्रमांक आहे. वनमालेनं लिहिलं होतं, माझा नवरा धोब्याच्या कपड्यांनासुद्धा क्रमांक टाकतो. मी तेव्हाच ओळखलं, आणि रडले. आमच्यात कुणी गेलं की त्याचं नाव दुसरं कुणी तरी वापरतं. तुम्ही खूप दिवस वाहिलंत. आता ते आम्हाला द्या.’

नरहरींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरी पकडली गेली ती गेलीच, वर ही बाई वनमालेचं नाव मागते! माझ्या बायकोचं नाव म्हणजे काय वाचनालयाचं पुस्तक आहे? त्यांनी उत्तर दिलं नाही. शिक्के कपाटात गेले. महिनाभर ते तलावाकडे फिरकले नाहीत, आणि घर अगदीच मुकं झालं.

एका दुपारी पोस्टमन पाकीट देऊन गेला. वर पोलंडचं तिकीट आणि त्यांचं स्वतःचं नाव. मागे, पाठवणाऱ्याच्या जागी: वनमाला डबीर. आत निळा कागद फाडून चिकटवलेला तलाव आणि इंग्रजीत दोन ओळी. ‘नरहरी, इथे थंडी फार आहे. तिकडे काय झालं ते मला कुणीच सांगत नाही. तुम्ही सांगाल?’

आधी त्यांना हसूच आलं. वनमाला आणि नवऱ्याला नावानं हाक मारणार! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुढं जन्मभर ‘अवो, ऐकलं का’. पोलंडच्या बाईला हे कुठून कळावं? पण पत्र खाली ठेववेना. ते दारातच उभं राहून पुन्हा वाचू लागले. दुसऱ्यांदा वाचताना ते नाव तिच्या आवाजात ऐकू आलं. लग्नातल्यासारखं, जरा लाजत.

तीस वर्षांच्या संसारात तिला पत्र लिहायची वेळच आली नव्हती, कारण ती कधी लांब गेलीच नव्हती. आज ते कागद घेऊन बसले. इंग्रजी नाही, तिचं अक्षर नाही. आपल्या किरट्या अक्षरात, घरच्या बोलीत त्यांनी लिहिलं:

‘प्रिय वनमाला, तुझं पत्र भेटलं. तू गेली. तीन वर्षं झाली. तुले काहून कोणी सांगितलं नाही, तर ते सांगणं माझ्याकडं होतं, अन् मले बोलता येत नव्हतं.’