पुठ्ठ्यामागचा सिनेमा

आमच्या सोलापूरच्या फिल्म क्लबात पहिल्या रांगेत बसणाऱ्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर पडद्यावरच्या माणसांशी बोलतात. "अगं बाई, जाऊ नको तितं!" असं ओरडतात आणि लगेच शेजाऱ्याच्या हातावर भाजके शेंगदाणे ठेवतात. मला त्यांचा धाक वाटतो. कारण नको ते प्रसंग आले की प्रोजेक्टरपुढं पुठ्ठा धरणारा मास्तर मीच, आणि मधलं काही सुटलं की त्या जाब मलाच विचारतात.

परवा युद्धातल्या हेरगिरीचा सिनेमा लावला होता. हेर असलेली नायिका शत्रूच्या अधिकाऱ्याला मिठीत घेते, तिथं मी पुठ्ठा धरला. काढला, तर अधिकारी पळून गेलेला!

"ह्यो निसटला कसा?" सिस्टर मागं वळल्या. "सर, पुठ्ठा कवा धरायचा ते तुमाला बरं ठाऊक! म्हंजे तुमी आदी बघितलाय की!"

सगळे हसले. माझे कान तापले. प्रेमाबिमाविषयी आयुष्यभर मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

"बघितलाय," मी म्हणालो. "घरी, एकट्यानं. दोनदा. त्या मिठीतच ती त्याला सावध करते. तिचं प्रेम बसलंय त्याच्यावर. फार सुंदर आहे तो प्रसंग."

"आन् त्योच झाकला व्हय? तोफांनी लई पकवलं आमाला, त्या नाय झाकल्या! घ्या मागं."

सिनेमा मागं नेला. सिस्टरनी माझ्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि प्रसंग संपेपर्यंत त्यानं आधी स्वतःला, मग मला वारा घालत राहिल्या.