वंदनाच्या गाडीतली टकटक

बुऱ्हाणपूर स्टेशनबाहेर माझी धाकटी बहीण वंदना नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीला टेकून उभी होती. गाडी तिची, चालवणारीही तीच. पुढच्या सीटवर आमची आई मांडीवर पर्स घेऊन ऐटीत बसलेली. मी, थोरली शोभा, बॅगेसकट मागे. नाशिकला मी अजून रिक्षानेच फिरते, हे आधीच सांगितलेलं बरं.

आईला काही महिने तरी माझ्याकडे न्यायचं, एवढ्यासाठीच मी आले होते. माझ्याकडे ती आठवडाभरात कंटाळते आणि वंदनाकडे मात्र कायमची रमली आहे. हे मला सलतं, फार सलतं.

पहिल्याच वळणावर आवाज आला. टक्. ब्रेक दाबला, पुन्हा टक्.

"हे काय गं वाजतंय?" मी काळजीच्या सुरात विचारलं. मनात उकळ्या फुटत होत्या.

"कालपासून सुरू झालंय. छोड ना, ताई," वंदना म्हणाली. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

शहरातल्या राजपुरा मोहल्ल्याकडे यंत्रमागांचा खडखडाट एवढा, की टकटक त्यात बुडूनच गेली. वंदनाने गरमागरम मावा जलेबी (खव्याची, काळसर जिलेबी) खाऊ घातली. नाशिकला याहून चांगली मिळते, असं मी ठोकून दिलं. नाशिकला ती मिळतच नाही.

दुपारी तुकईथडला तिच्या सासरची केळीची बाग बघायला निघालो. शहर मागे पडलं, दुतर्फा केळीची हिरवी पानं हलू लागली आणि टकटक मोकळी ऐकू येऊ लागली. प्रत्येक टक्‌ला मी "बघ!" म्हणत होते. "अशा गाडीत फिरणं धोक्याचं आहे, आई. नाशिकला चल." शेवटी वंदनाने वैतागून रस्त्यालगतच्या एका गॅरेजपाशी गाडी थांबवली.

मिस्त्री गाडीखाली शिरला, मग एक चक्कर मारून आला. "काई खराबी नाई, ताई. गाडी एकदम नई हाय. पुढच्या सीटखाली काईतरी लटकेल हाय, तेच वाजून राह्यलं."

मीच घाईघाईने हात घातला. काळ्या कापडाची पुरचुंडी निघाली. दोरा सैल होऊन ती सीटच्या लोखंडावर आपटत होती. आत बिब्बा, खडेमीठ आणि घोड्याच्या नालेचा तुकडा.

"हे तर नजरेचं हाय," मिस्त्री हसून दुसऱ्या गाडीकडे वळला.

"आई, तू बांधलंस?" वंदनाने विचारलं. "गाडीची पूजा केली तेव्हा नाही बांधलंस, मग आत्ताच का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "शोभा येणार होती ना."



"तू वाईट नाहीस गं," आई म्हणाली, "पण तुझी नजर लागते. लहानपणी हिच्या नव्या फ्रॉककडे तू नुसतं बघायचीस आणि संध्याकाळपर्यंत तो फाटायचा."

वंदना पोट धरून हसली. माझे कान तापले होते. मी पुरचुंडीला नवी गाठ मारली आणि होती तिथेच बांधायला वाकले.

"घट्ट बांध," आई म्हणाली.

परतीच्या वाटेवर गाडी गप्प होती. मीही आईला पुन्हा नाशिकचं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेल्वेत एकटीच बसले. आईचा राग येईल असं वाटलं होतं, पण तो काही आला नाही. मी गाडी बघितल्यावर माझ्या मनात काय येणार, हे तिला मी यायच्या आधीच ठाऊक होतं. मला एवढं ओळखणारं माणूस माझ्या घरात कोणी नाही. ते वंदनाकडे राहतं.