गोरक्ष, विमानं आणि मावशीची गच्ची

नाशिकच्या सिडकोत चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या गोरक्ष अहिरेला विमानांचं वेड होतं, आणि घरच्यांनी ते मधुमेहासारखं स्वीकारलं होतं. म्हणजे बरं काही व्हायचं नाही, सांभाळून घ्यायचं. समोर गिऱ्हाईक डोळ्यांवर जड फ्रेम लावून भिंतीवरची अक्षरं वाचत असायचं, आणि बाहेर आभाळात घरघर झाली रे झाली की गोरक्ष दारात. गिऱ्हाईक बिचारं शेवटच्या ओळीपर्यंत एकटंच वाचत जायचं.

रविवारी तो ओझरला जायचा. पण तिथे विमानं मोजकीच, शिवाय शेजारी लढाऊ विमानांचा कारखाना, त्यामुळे कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायची सोय नाही. म्हणून महिन्यातून एकदा पहाटेची एसटी पकडून हा गडी मुंबई गाठायचा. विलेपार्ल्याला, धावपट्टीच्या पश्चिम टोकासमोरच त्याच्या सरुबाई मावशीची इमारत होती. विमानं तिच्या गच्चीवरून इतकी खालून जायची की मावशीला फोनवर बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागायचं. सिडकोतले शेजारी म्हणायचे, आजकाल सख्ख्या आईला कोणी विचारत नाही, आणि हा बघा, मावशीसाठी दर महिन्याला मुंबईला जातो. मावशीला खरं काय ते ठाऊक होतं. तो पाया पडायचा आणि चहा उकळायच्या आत गच्चीवर असायचा.

मुंबईत विमानं सहसा घाटकोपरच्या बाजूने उतरतात आणि पार्ल्यावरून समुद्राकडे उडतात. वारा फिरला तरच हे उलटं होतं, आणि इतक्या वर्षांत गोरक्षच्या वाट्याला तसं कधी आलं नव्हतं. त्यामुळे त्या गच्चीचा त्याला घरच्या देव्हाऱ्याइतका भरवसा होता.

यंदा त्याची एकुलती एक लेक निकिता नर्सिंग पूर्ण करून मस्कतच्या इस्पितळात नोकरीला लागली. घरात पेढे आले, फोन वाजत राहिले, आणि बापाने पहिला प्रश्न विचारला तो विमान कुठल्या बनावटीचं आहे हा. मग त्याने बेत सांगितला. बाकीच्यांनी तिला विमानतळावर सोडायचं, आणि त्याने मावशीच्या गच्चीवर थांबून तिच्या विमानाचा फोटो काढायचा.

"पप्पा, तुम्ही गेटवर या ना," निकिता म्हणाली. "विमान दिसेल तेव्हा मी कुठे दिसणार तुम्हाला?"

"गेटवर सगळेच निरोप देतात, निकी. मी तुला आभाळात निरोप देणार. असा फोटो काढतो की जन्मभर जपून ठेवशील."

निकिताने पुन्हा विषय काढला नाही. मात्र जायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना ती आईला म्हणाली, की आता दोन वर्षं भेट व्हायची नाही, आणि पप्पांना माझ्यापेक्षा माझ्या विमानाचीच जास्त ओढ आहे. दीपमालाने ते नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. त्याने मान हलवली आणि कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली. कधीकधी या माणसाला धरून गदगदा हलवावंसं वाटायचं.

भाड्याची गाडी सकाळीच निघाली. गोरक्षची आई मालनबाई नातीला सोडायला मुद्दाम सटाण्याहून आली होती. विमान दुपारी चारचं. बारा वाजायच्या आतच गाडी पार्ल्यात शिरली आणि गोरक्ष कॅमेरा गळ्यात अडकवून उतरला. निकिता पाया पडायला खाली उतरली, तर हा तिच्या डोक्यावर घाईघाईने हात ठेवत म्हणाला, "बस, बस, उशीर होईल." उशीर कसला, तासन्‌तास पडले होते. गाडी वळेपर्यंत ती मागच्या काचेतून बघत होती, आणि हा जिना चढत होता.

गच्चीवर सगळं मनासारखं चाललं होतं. ऊन पाठीमागून येत होतं, एकामागून एक विमानं वर उठून समुद्राकडे जात होती. मग बराच वेळ काहीच आलं नाही. दोरीवरचे मावशीचे कपडे आता दुसऱ्याच बाजूला फडफडत होते, पण तिकडे बघायला गोरक्षला सवड कुठली. आणि अचानक समुद्राकडून एक भलंथोरलं विमान चाकं खाली सोडून थेट त्याच्याकडे येताना दिसलं. गोरक्षचा आनंद पोटात मावेना. त्याने धडाधड फोटो काढले.

"मावशी, वर ये लवकर. उलटं उतरतंय."

मावशी गुडघे धरत वर आली. "उलटं म्हणजे? आतली माणसं धडपडतील की."

"तसं नाही गं. वारा फिरलाय. आता या बाजूने उतरणार आणि त्या बाजूने उडणार. केव्हापासून वाट बघत होतो मी याची."

मावशीने पदराने घाम पुसला. "मग आपल्या निकीचं कुठून जाणार?"

गोरक्षने कॅमेरा गळ्यातून काढून कठड्यावर ठेवला. निकीचं घाटकोपरवरून जाणार होतं. तिचं विमान त्याला दिसणार नव्हतं, आणि तिला तर तो रस्त्यातच उरकून आला होता. तो दोन-दोन पायऱ्या टाकत खाली धावला. मावशी वरून काहीतरी ओरडत होती, तेही त्याने ऐकलं नाही.

रिक्षातून त्याने दीपमालाला फोन लावला. "ती आत गेली का?"

"निघालीये. रांगेत आहे."

"थांबव तिला. मी येतोय."

दीपमालाने का म्हणून विचारलं नाही. पार्ल्याचा पूल, सिग्नल, बस, गोरक्षने रिक्षावाल्याचं डोकं खाऊन टाकलं. वरून विमानं जात होती, पण रिक्षाबाहेर डोकं काढून बघायचं त्याला सुचलं नाही. इकडे निकिता रांगेतून बाहेर पडून बॅगांच्या गाडीला टेकून उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला पुढे जायला सांगत होती. मालनबाई दारावरच्या जवानाला दोनदा समजावून आली होती, की पोरीचा बाप यायचाय. त्या जवानाला मराठीच येत नव्हतं, तिथे अहिराणी काय कळणार, पण त्याने मान डोलावली होती.

गोरक्ष धापा टाकत आला आणि लेकीसमोर उभा राहिला.

"कॅमेरा कुठाय?" निकिताने विचारलं.

त्याने छाती चाचपली. कॅमेरा मावशीच्या कठड्यावर राहिला होता.

"बरं झालं," दीपमाला म्हणाली. "इथे रडू येईल म्हणून तुम्ही गच्चीवर चढून बसलात. मला काय कळत नाही?"

गोरक्षने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तिथेच, त्या हजार माणसांत, त्याला रडू फुटलं. निकिताने त्याला मिठी मारली. विमानांबद्दल तासभर बोलू शकणाऱ्या माणसाला तेव्हा एवढंच म्हणता आलं, "पोचलीस की फोन कर." सटाण्याच्या स्टँडवर कुठलाही बाप हेच म्हणतो. ती हो म्हणाली, आजीच्या पाया पडली आणि आत गेली.

विमान सुटेपर्यंत हलायचं नाही, हा मालनबाईचा हुकूम. पार्किंगमध्ये बसून सगळ्यांनी पुरीभाजी खाल्ली. आत काय चाललंय ते तिथून कोणालाच दिसत नव्हतं.

"इमान कोठे शे रे?" मालनबाई दर थोड्या वेळाने विचारत होती. शेवटी गोरक्षने घड्याळ बघून, आता गेलं असेल, म्हणून सांगितलं.

संध्याकाळी कॅमेरा घ्यायला सगळे पार्ल्याला गेले. मावशी दारातच हळहळत उभी होती. "अरे, तू गेलास आणि वारा परत फिरला. निकीचं विमान इथूनच गेलं बघ, आपल्या डोक्यावरून. शेपटीवर तू सांगितलं होतंस तेच चित्र. मला मेलीला कॅमेरा चालवता येत नाही. नुसता हात हलवला मी. तुझा निरोप मात्र राहून गेला."

गोरक्षने चपला काढल्या आणि तिच्या समोर बसला.

"नाही राहिला, मावशी," तो म्हणाला. "गेटवर देऊन आलो. तू चहा टाक."