चौरेच्या सायकलची सीट

आमची पलटण तेव्हा काश्मीर खोऱ्यात होती. मी रायफलवाला नव्हतो, गाड्यांचा हवालदार होतो. बंद पडलेली गाडी जागेवर चालू करायची, नाही झाली तर ओढून कॅम्पात आणायची, हे माझं काम. नाव बोरसे, राहणारा धुळ्याचा. त्या कंपनीत खानदेशचे आम्ही तिघंच. दुसरा नायक युनूस. तो ड्रायव्हर होता आणि धुळ्याचाच होता. तिसरा शिपाई चौरे, पिंपळनेरच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यावरचा.

दिवस सारखेच असायचे. पहाटे रोड ओपनिंग पार्टी रस्ता तपासत पुढे जायची. रस्ता साफ असल्याचा निरोप आला की गाड्यांचा कॉन्व्हॉय निघायचा. शेवटी माझी रिकव्हरी गाडी, रेडिओवर तिला 'टेल' म्हणायचे. मधे कुठे गाडी तापली, बेल्ट तुटला, तर मी उतरायचो. बाकी वेळ पुढच्या गाडीचा धूर खायचा.

त्या सकाळीही निरोप आला होता. युनूसची गाडी माझ्या पुढे होती, मागच्या भागात रेशनच्या गोण्यांवर चौरे एकटाच बसला होता. पुलाच्या अलीकडच्या वळणावर स्फोट झाला. माझ्या काचेवर माती आदळली. वायपर लावला तेव्हा पुढची गाडी आडवी दिसली.

रेडिओवर कंपनी कमांडरांचा आवाज आला.

"टेल, रिपोर्ट."

"एक गाडी हिट. कॅज्युअल्टी है. ओव्हर."

"कितने?"

"देखता हूँ, सर."

चौरे रस्त्यावर फेकला गेला होता. उजवा पाय मांडीच्या मध्यापासून नव्हता. मी माझा पट्टा काढून वर आवळून बांधला. मग केबिनकडे गेलो. युनूस स्टेअरिंगमागे अडकला होता. डॉक्टर पोहोचले तेव्हा तो गेलेला होता. चौरेला हेलिकॉप्टरने नेलं. संध्याकाळपर्यंत मी ती गाडी ओढून कॅम्पात आणली. ती आणायची ड्यूटी माझीच होती.

पुढे मी रिटायर झालो. धुळ्यात एका गोडाऊनवर सिक्युरिटीची नोकरी धरली. दिवसभर गेटवर उभं राहायचं, घरी येऊन गुडघ्यांना तेल लावायचं. फौजेचं कोणी बोलायला लागलं की मी विषय बदलायचो. कंटाळा आला होता त्याचा.

गेल्या हिवाळ्यात चौरे आला. बसस्टँडवर कुबड्या घेऊन उभा होता. केस पांढरे झाले होते. फौजेत शिपाई होता, आता एका आश्रमशाळेत शिपाई होता. नकली पायाने मांडी सोलली जायची, म्हणून तो पाय घरी ठेवला होता. भाऊ त्याला मोटारसायकलवर शाळेत सोडायचा आणि संध्याकाळी घ्यायला यायचा. भावाला काम निघालं की चौरे अंधार पडेपर्यंत शाळेच्या पायरीवर.

चहा घेताना म्हणाला, "भाऊ, माले सायकल बनाडी दे."

"सायकल? अरे, बाजूला चाकं लावलेली स्कूटर मिळते तुझ्यासारख्यांना."

"शे ना घरमा. ती माले लई जास. माले सोताले जानं शे."

म्हणजे स्कूटर घरी पडून होती; त्याला स्वतःच्या पायाच्या जोरावर जायचं होतं. मी खूप समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "युनूसना भाऊ वेल्डिंग करस ना?"

युनूसचे मोठे भाऊ मुनाफभाई यांचं वेल्डिंगचं दुकान हायवेजवळ आहे. ग्रिल, गेट, ट्रॉल्या बनवतात. रस्त्यात भेटले की सलाम व्हायचा, त्यापुढे आमचं कधी बोलणं गेलं नव्हतं. त्या दुकानाची पायरी चढणं मला नको होतं. पण चौरे तोवर रिक्षा थांबवून मोकळा झाला होता.

मुनाफभाईंनी चौरेकडे, त्याच्या कुबड्यांकडे बघितलं. "तूच का तो? त्याच्या गाडीत होता?"

"हां, भाऊ."

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मग कामाचं विचारलं.

सायकल कशी हवी ते आम्ही दुकानाच्या फरशीवर खडूने काढलं. नेहमीची उंच सायकल चालणार नव्हती. थांबायचं तर बसल्या जागी डावा पाय जमिनीला टेकला पाहिजे. म्हणून लांब, बुटकी फ्रेम. पॅडल पुढे, सीट मागे, पाठ टेकायला आधार. डाव्या पॅडलला पाय बांधायचा पट्टा, म्हणजे एकाच पायाने दाबता आणि ओढता येईल. माझी ड्यूटी संपली की मी दुकानात जायचो. चौरे सुट्टी काढून माझ्याच घरी राहिला होता. फ्रेम झाली, चाकं बसली, साखळी फिरली.

अडलं ते सीटवर. नेहमीच्या सायकलला सीटचा दांडा ज्या उभ्या नळीत जातो, ती नळी या फ्रेमला नव्हतीच. होता तो फक्त एक लांब आडवा पाइप. मुनाफभाईंनी त्यावर तुकडा उभा करून वेल्ड मारला. चौरेने चार दिवस चालवली आणि वेल्डला तडा गेला. एकच पाय जोर लावतो, त्यामुळे प्रत्येक पॅडलला सीट एका बाजूला पिळली जात होती. मग आम्ही पाइपला कवळणारा क्लॅम्प लावला, बोल्ट कचकचून आवळले.

दुकानाजवळच्या मैदानावर तो ती घेऊन गेला, मी आणि मुनाफभाई मागे. सरळ बरा गेला. वळताना त्याने जोर लावला, क्लॅम्प पाइपवर गर्रकन फिरला आणि चौरे उजव्या बाजूला, तुटक्या मांडीवर पडला. मी धावलो. माझ्याने आता धावणं होत नाही, तरी धावलो. पँटवर रक्त आलं होतं.

"मी पडनू नही, भाऊ," तो दात आवळून म्हणाला. "सीट फिरनी."

मुनाफभाई त्याच्याजवळ बसले. त्यांनी सायकल उचलली, दुकानात नेली आणि कोपऱ्यात उलटी ठेवली.

"बस झालं, बोरसेभाऊ. एक गमावलाय, आता माझ्या हातून दुसऱ्याला काही व्हायला नको. घेऊन जा त्याला घरी."

चौरेची जखम भरेपर्यंत कोणी सायकलचा विषय काढला नाही. तो माझ्या ओट्यावर बसून रस्ता बघायचा. "मी जास आते गावले," असं एक दिवस म्हणाला. मला बरं वाटायला हवं होतं. काम संपलं असतं. तसं वाटलं नाही. त्याने पिशवी भरली तेव्हा मी म्हटलं, "आठवडाभर थांब."

दुसऱ्या दिवशी गोडाऊनवर माल उतरवायला ट्रक आला. मी गेटवर उभा होतो. नजर त्याच्या मागच्या चाकांकडे गेली. कमानपाटे, गाडीचा भार झेलणाऱ्या वाकड्या पोलादी पट्ट्या. आयुष्यभर मी तेच खोलले, तेच बसवले. टनावारी माल त्या पाट्यांवर असतो आणि पाटे अॅक्सलला नुसते यू-बोल्टने आवळलेले असतात. फिरत नाहीत, कारण खाली सपाट बैठक असते आणि बोल्ट एकमेकांपासून अंतरावर असतात. आमचा क्लॅम्प एकाच जागी धरत होता.

हायवेवर कमानपाट्यांची दुकानं आहेत. जुन्या जीपच्या पाट्याचा एक तुकडा घेतला आणि मुनाफभाईंसमोर ठेवला. त्यांनी तो उचलून उलटसुलट करून बघितला.

"शेवटचं," मी म्हटलं.

"चालवायची आधी मी," ते म्हणाले.

पाइपवर सपाट बैठक वेल्ड केली. तिच्यावर पाटा लांबीत ठेवला आणि अंतर सोडून दोन यू-बोल्टने आवळला. पाट्याच्या मोकळ्या टोकावर सीट. पाठीच्या आधारापासून मागच्या अॅक्सलपर्यंत दोन्ही बाजूंना सळई. पाटा थोडा लवायचा, त्यामुळे खड्ड्याचा दणकाही कमी लागणार होता. चौरे बसून म्हणाला, "उजवीकडे खाली जास मी." त्या बाजूला मांडी अर्धीच, म्हणून कंबर कलत होती. मोपेडच्या सीटचा फोम कापून उजवीकडे उंच केलं.

आधी मुनाफभाईंनी चालवली. साठीचा माणूस, एक पाय हवेत धरून, मुद्दाम खड्ड्यांतून, मुद्दाम जोरात वळवून. मग मी चालवली. मग पाना घेऊन नट पुन्हा तपासले. त्यानंतर चौरेला दिली.

त्याने मैदानाची फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला तो फाटकातून बाहेर पडला आणि देवपूरच्या रस्त्याला लागला. आम्ही वाट बघत उभे राहिलो. परत आला तेव्हा घामाने भिजला होता.

"सीट हालस का?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"नही हालत."

दुकानात चहा आला. मुनाफभाईंनी हातमोजे काढले, बाजूला ठेवले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी युनूसबद्दल विचारलं.

"बोरसेभाऊ, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

"मी होतो."

"काही बोलला?"

"बोलला. माझा हात धरला. म्हणाला, पीछेवाला कैसा है. मी म्हटलं, ठीक है."

"मग?"

"अच्छा, म्हणाला. त्यानंतर नाही बोलला."

मुनाफभाई चौरेकडे बघत राहिले. चौरेने ग्लास खाली ठेवला.

"माले ऐकू उनं व्हतं," तो म्हणाला. "त्याले बरोबर सांगं भाऊ तू."

मुनाफभाईंनी शटर अर्धं ओढलं. म्हणाले, "चला, त्याला भेटून येऊ."

कब्रस्तान जवळच आहे. चौरे सायकलवर, आम्ही दोघं त्याच्या बाजूने चालत. तो आमच्यासाठी हळू चालवत होता. युनूसची कबर कडुलिंबाखाली आहे. दगडावर त्याचं नाव, नायक हा हुद्दा आणि पलटणीचं नाव. गेला तेव्हा लग्न ठरलेलं होतं. कपडे शिवायला टाकले होते, ते शिंप्याकडेच राहिले, असं मुनाफभाईंनी वाटेत सांगितलं. मला हे माहीत नव्हतं.

मुनाफभाईंनी हात उचलून दुआ मागितली. मी आणि चौरेने सॅल्यूट केला. त्यांची दुआ संपेपर्यंत आम्ही हात खाली घेतला नाही.