पोपटाचा उष्टा पेरू

मित्रांनो, दुपारपासून कामात मन लागत नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझा भाचा तीन वर्षांचा झाला, पण बोलत नाही. पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की लेकरू बोलतं, असं आमच्याकडे म्हणतात. बहीण झाडाखाली शोधून त्याला तसे पेरू खाऊ घालते.

आज आम्ही दोघं त्याला अंगणवाडीतून आणायला गेलो. तिथल्या ताईंनी आमच्यासमोर, त्याच्या पाठीमागे मुद्दाम ताट आपटलं. बाकीची लेकरं दचकली. तो खडे रचत राहिला.

"खेळात गुंग हाये तो," बहीण हसून म्हणाली.

ताईंनी पुन्हा आपटलं. "माय, जिभेले काही नाही झालं त्याच्या. याले ऐकू येत नसन. आधी कान तपासून आणा."

वाटेत बहीण एकदम म्हणाली, "दादा, बारशाले आत्यानं याच्या कानात नाव सांगतलं होतं. मंग याले आपलं नावच माहीत नसन का रे?"



उद्या त्याला मलकापूरला दवाखान्यात नेतोय. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं लेकरू असेल तर एवढंच सांगा, तुम्ही त्याला हाक कशी मारता?