खिशातला ब्रश

फरशीवाला कामाला वाघ. दुसऱ्यांच्या घरात अशी फरशी बसवायचा की ठेवलेली गोटी हलायची नाही. स्वतःचं बिऱ्हाड मात्र एका खोलीत. परक्या शहरात येऊन सहा वर्षं झाली, तेव्हा कुठे नव्याने आलेल्यांसाठीच्या स्वस्त घरांच्या यादीत नाव लागलं. अर्जात माणसं चार: तो, बायको, दोन मुली. वडील नंतर आले. आता पाचवं नाव घातलं तर अर्ज पहिल्यापासून, असं कोणीतरी त्याच्या कानात भरवलं. कार्यालयात जाऊन विचारावं, तर ते नाही!

घरात माणसं किती हे बघायला कार्यालयातून येणार होते, त्या तपासणीच्या सकाळी तो म्हणाला, "बाबा, तासभर जिन्यात बसता?"

"त्यात काय! तिथे वाराही येतो."

म्हाताऱ्याने चपला उचलल्या, चष्मा घेतला आणि कोणी सांगितलं नसताना ग्लासातला आपला ब्रश खिशात टाकला. फरशीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने दार उघडून धरलं.

तपासणीच्या बाई भल्या होत्या. अंथरुणं पाहिली, ब्रश मोजले. सही करताना म्हणाल्या, "जिन्यात एक आजोबा बसलेत. तुमचे का? घरात म्हातारं माणूस असेल तर एक खोली जास्त मिळते. नाव आत्ताही वाढवता येईल."

दार उघडंच होतं. बायको त्याच्याकडे बघत राहिली. नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण मग लपवलं का, असं बाईंनी विचारलं तर? हातातलं घरही गेलं तर?

"नाही हो," तो म्हणाला, "असतील कोणाचे तरी."

शाबास रे पठ्ठ्या! जन्मदात्याला कोणाचा तरी करून टाकलंस.

बाई गेल्या. "अहो, कुठे फेडाल हे पाप?" बायको म्हणाली. तेवढ्यात म्हातारा आत आला. "झालं ना काम? मग झालं तर," म्हणाला आणि चपला कोपऱ्यात ठेवल्या.

दोन खोल्यांचं घर मिळालं. फरशीवाल्याने सगळ्यात आधी न्हाणीघरात ब्रशांचा स्टँड ठोकला, मोजून पाच जागांचा. चार भरल्या. महिना झाला तरी म्हातारा तोंड धुऊन ब्रश पुसायचा आणि खिशात ठेवायचा.

शेवटी त्याने खाली मान घालून म्हटलं, "बाबा, ठेवा ना इथे."

"असू दे रे," म्हातारा समजुतीने म्हणाला. "पुन्हा कोणी मोजायला आलं, तर तुझी पंचाईत नको."