मनगटाएवढा जाड पाइप

विद्यानगरातल्या आमच्या मेकॅनिकला गाडी तपासायला डोळे लागतच नाहीत. सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरून तो डोळे मिटतो आणि गाडी कुठल्या मेहुण्यानं उसनी नेली होती तेसुद्धा सांगतो.

"सर, इंजिनाच्या धुराचा पाइप आहे तोच बरा. हा मनगटाएवढा जाड कशाला?" एवढंच तो मला म्हणाला होता. त्यावर मी त्याला व्याख्यान दिलं. धूर मोकळा सुटला की मागचा दाब जातो आणि दाब गेला की गाडी उडते. ज्ञान मोबाइलवरचं, म्हणजे अस्सलच. "होय री सर," असं कानडी वळणानं म्हणत त्यानं जाड पाइप बसवला.

आवाज असा निघाला की पार लांबच्या कलघटगी गावातल्या म्हशींनी दूध चोरलं. पण धारवाडच्या चढावर बायको मागं बसली की गाडी नुसतीच गर्जायची. आठव्या दिवशी बायको उतरली, चालत माझ्याआधी वर पोचली आणि म्हणाली, "उद्यापासून मी बसनं जाते. तुम्ही या सावकाश."

तसाच मेकॅनिककडे गेलो. त्यानं तळवा धरला. "वाट रुंद झाली की धूर रमतगमत जातो, सर. बारीक पाइपातनं पळतो आणि पळताना मागचा धूरही ओढून नेतो."

"अण्णा, जुना पाइप भंगारात गेला असेल ना?"

त्यानं भिंतीकडं बोट केलं. माझा पाइप पुसूनबिसून खिळ्याला टांगला होता. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'सर महिन्याभरात येतील.'

"तुम्ही हुशार, सर," तो पाना उचलत म्हणाला. "आठ दिवसांतच आलात."